पणजोबा कोणत्या वेढ्यात गेले?

आईच्या माहेरी देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेला डाव्या कडेनं एक चांदीचा गोल तुकडा असायचा. टाकांपेक्षा मोठा, वर आडवी पट्टी. त्यावर पंख असलेली एक बाई उभी, डोक्यावर शिरस्त्राण, हातात त्रिशूळ. त्रिशूळ आहे म्हणजे देवच असणार, असं घरानं धरून घेतलं होतं. रोज हळदकुंकू व्हायचं आणि दसऱ्याला चिंचेनं घासून तो लख्ख केला जायचा. दुसऱ्या बाजूचं राजाचं डोकं कायम भिंतीकडे. लहानपणी आईला विचारलं, तर "तुझा पणजा बसऱ्याला राहिला, त्याचा देव" एवढंच उत्तर मिळायचं.

"बसऱ्याला राहिला" हा सातारा भागातला जुना वाक्प्रयोग. पहिल्या महायुद्धाला तिकडे "जर्मनची लढाई" म्हणत, आणि त्या लढाईत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुठंही मेलेला माणूस "बसऱ्याला राहिला". मग तो बसऱ्यात मेलेला असो, बगदादच्या दवाखान्यात की मोसुलच्या रस्त्यावर. आमचा सगळा घोळ या एका शब्दात दडलेला होता, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

हा शोध हौसेनं सुरू झालेला नाही. थोरल्या मामांनी, ते शाळामास्तर होते, निवृत्तीनंतर घराण्याची एक छोटी पुस्तिका छापली होती. त्यात पणजोबांबद्दल चार ओळी आहेत: ते मराठा पलटणीत शिपाई होते, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले, घोड्याचं मांस खायला नकार देऊन १९१६ साली उपासानं गेले. त्याच पुस्तिकेत आप्पांचं, म्हणजे पणजोबांच्या धाकट्या मुलाचं, माझ्या आजोबांचं, जन्मसाल १९१५ दिलं आहे. आणि आप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर आहे १ जून १९१९. पुढे वाटणीच्या वादात भावकीतल्या एकानं हे दोन कागद शेजारी ठेवले आणि नको ते बोलून गेला. बाप सोळा साली गेला, मग पोर एकोणीसचं कसं? बय, म्हणजे पणजी, तेव्हा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बोलणाऱ्यानं नंतर माफीही मागितली. पण आईच्या मनातून ते गेलं नाही, आणि एक दिवस तिनं मला सांगितलं, "तू एवढं शिकलास, एवढं बघ."

हातात काय होतं

एक पदक, एक पुस्तिका, एक दाखला. गावच्या चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटीही होती. तशा पाट्या साताऱ्यात आणि कोकणात पुष्कळ गावांत आहेत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. आमच्या गावचे आकडे इथं देत नाही, आकड्यावरून गाव ओळखू येतं.

शिवाय आईच्या आठवणीतली बय. आईच्या लहानपणी ती घरात होती, शेवटपर्यंत मोजकं बोलायची. तिची दोन वाक्यं आईला पक्की आठवतात. एक, "त्यांच्याभोवती वेढा पडला हुता, खायाला काय न्हवतं." दुसरं, "चांदीचा देव टपालानं आला." आणि एक रीत. पंढरीची वारी करून माणसं गावात परतली की आठवड्याभरात बय एक दिवस धरायची, नैवेद्याचं वेगळं पान ठेवायची. तिथी कोणती ते आईला सांगता येत नाही. आषाढातला वद्य पक्ष, एवढं नक्की.

मी सुरुवात केली ती चुकीच्या टोकाकडून, नावावरून. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी शोधता येते. नाव टाकलं, कुतच्या वेढ्यात असलेल्या मराठा पलटणी घेतल्या. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तिथं तीन अडकल्या होत्या: १०३, ११० आणि ११७. तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पणजोबांच्या नावाची, आमच्याच आडनावाची माणसं त्या तीन पलटणींत सापडली, एक सोडून तीन. एकाचं गाव आमच्या तालुक्यातलं वाटत होतं. मी खूश झालो, आईला फोनसुद्धा केला. तो फोन करायला नको होता.

कारण ते गाव आमचं नव्हतं. या याद्या इंग्रजी कारकुनांनी कानावर पडेल तशा लिहून घेतल्या आहेत. 'ळ'चा 'ल' होतो, 'ढ'चा 'ड' होतो, 'वाडी' कधी गळते, कधी नावालाच चिकटते. जाधवचा जाधो होतो, घाडगे आणि घाटगे यांची सरमिसळ होते. अशा यादीत आपल्या मनात आधीच असलेलं नाव माणूस हमखास वाचून काढतो. मीही तेच केलं होतं. त्या माणसाच्या बापाचं नाव वेगळं होतं, आणि ते मी "चुकून पडलं असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

फेरफार

पहिला खरा कागद तलाठ्याच्या दप्तरातून निघाला. पहिल्या महायुद्धाच्या आसपास मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदी सुरू झालेल्या होत्या. खातेदार मेला की वारसाचा फेरफार होतो, मग तो विहिरीत पडून मेलेला असो की तोफेच्या गोळ्यानं. घरात वितभर जमीन असेल, तर लढाईत गेलेल्या माणसाचा सगळ्यात भरवशाचा माग इथं लागतो असं मला वाटतं, आणि आपल्याकडे शोध घेणारे बहुतेक जण नेमकं हेच सोडून लंडनच्या कागदांमागे धावतात.

एका कचेरीत मला सांगितलं गेलं की एवढं जुनं काही उरलेलं नाही, वाळवीनं खाल्लं. दीड महिन्यानं त्याच कचेरीत, वेगळ्या माणसानं, त्याच कपाटातून ते रजिस्टर काढून दिलं. नोंद मोडीत. मला मोडी येत नाही. पुण्यातल्या एका जाणत्या बाईंनी फोटोवरून वाचून दिली: खातेदार "लढाईवर मयत, बसरे", वारस विधवा बायको आणि अज्ञान मुलगे. मुलगे, अनेकवचनी. नोंदीची तारीख १९२१ मधली.

१९१६ चा मृत्यू आणि १९२१ ची नोंद, मधे पाच वर्षं. पण एवढ्यावर मामांचं म्हणणं खोटं ठरत नव्हतं. कुतला पकडलेल्या शिपायांना तुर्कांनी बगदाद, समारा, मोसुलवरून पायी नेलं, पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. कोण कुठं मेला याच्या बातम्या युद्ध संपेपर्यंत घरी पोचल्या नाहीत, काहींच्या पोचल्याच नाहीत. तेव्हा पाच वर्षांचा उशीर अशक्य नव्हता. मनात खडा मात्र पडला.

कडेवरची अक्षरं

पदकाकडे मी सगळ्यात शेवटी वळलो, कारण ते देव्हाऱ्यात होतं आणि देव्हाऱ्यातली वस्तू कोणी तपासत नाही. आईनंच एका सकाळी ते ताम्हनात घेऊन पुढे ठेवलं.

आधी वरची पट्टी. तिच्यावर इंग्रजीत एकच शब्द: इराक. मामांनी तो वाचला होता, आणि माझी खात्री आहे की तिथूनच त्यांनी कुत काढलं. इराक म्हणजे मेसोपोटेमिया, मेसोपोटेमियातला वेढा म्हणजे कुत, कुत म्हणजे १९१६. शाळामास्तरला साजेसा तर्क. पण पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांवर लढाईच्या नावाची पट्टी नसतेच. त्या युद्धात भाग घेतलेल्यांना मिळालं ते चांदीचं युद्धपदक, ज्याच्यावर घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं असतात, आणि काशाचं विजयपदक. आमच्याकडचं या दोन्हींपैकी नव्हतं. ती पंखवाली, त्रिशूळधारी बाई असते जनरल सर्व्हिस मेडलवर. हे पदक १९२३ मध्ये सुरू झालं, आणि त्यावरची 'इराक' पट्टी मिळाली ती १० डिसेंबर १९१९ ते १७ नोव्हेंबर १९२० या काळात तिथं नोकरी केलेल्यांना.

कुतमध्ये १९१६ ला मेलेल्या शिपायाला ही पट्टी मिळणं शक्य नाही. एवढा एक शब्द नीट वाचला असता, तर बयवर बोट उठलं नसतं.

मग कड. या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या पदकावर पन्नास-साठ दसऱ्यांची चिंच फिरलेली, अक्षरं जवळजवळ सपाट. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं. रात्री दिवे घालवून, मोबाईलची बॅटरी अगदी आडवी धरून, पदक थोडं थोडं फिरवत फोटो घेतले. खोबणीत साचलेल्या कुंकवानं मदत केली, बाकी चांदी पांढरी आणि अक्षरांच्या तळाशी लालसर रेघ. (घासून वाचायचा प्रयत्न कोणी करू नये. आमच्याकडे आधीच पुरेसं घासून झालेलं होतं.) नंबर चार आकडी, तिसरा आकडा गेलेला. नाव अर्धं. पण पलटणीचा आकडा स्पष्ट होता: ११४.

११४वी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात नव्हती. ती मेसोपोटेमियात लढली, ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या वाटेवर शरकातला झालेल्या शेवटच्या लढाईत तिनं नाव कमावलं. १९२२ च्या फेररचनेत तिची पाचव्या मराठा रेजिमेंटची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण झाली, आणि बेळगावचं आजचं केंद्र त्याच परंपरेतलं. आकड्यांचा हा बदल लक्षात ठेवावा लागतो. घरातल्या कागदावर 'एक बटा पाच', म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण, असं असेल तर ती जुनी १०३वी, 'दोन बटा पाच' म्हणजे १०५वी, 'तीन बटा पाच' म्हणजे ११०वी. हे माहीत नसेल तर एकाच माणसाचे दोन माणूस होतात.

आता यादीत पुन्हा गेलो, पण या वेळी नाव न टाकता. पलटण ११४, मृत्यू १९२०. मग गाळत गेलो. तीन आकडे जुळणारा नंबर दोघांचा. त्यातला एक पंजाबकडच्या जिल्ह्यातला निघाला. दुसरा आमचा: बापाचं नाव बरोबर, तालुका बरोबर, गावाच्या नावातली दोन अक्षरं चुकलेली, आडनावच नाही. आडनाव नव्हतं म्हणून पहिल्या शोधात तो मला कधीच दिसला नसता. मृत्यू: जुलै १९२० चा पहिला पंधरवडा. त्या वर्षी १ जुलैला पौर्णिमा होती. म्हणजे तारीख वद्य पक्षात येते. बयचं पान बरोबर होतं.

कमिशन पहिल्या महायुद्धाचा काळ ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरतं, म्हणून युद्धबंदी होऊन वीस महिने झाल्यावर मेलेला हा माणूस अधिकृतपणे "महायुद्धात मृत" आहे आणि त्याचं नाव बसऱ्याच्या युद्धस्मारकाच्या यादीत लागतं. चावडीवरची पाटी १९१९ ला थांबते. गावानं त्याला मोजलं असेल, तर गेलेल्यांत, मेलेल्यांत नाही.

दुसरा वेढा

जुलै १९२० मध्ये तिकडे काय चाललं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपल्याकडे कुत माहीत असतं, कारण ते नामुष्कीचं होतं आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं. इराकचं १९२० चं बंड इथल्या कोणाच्या बोलण्यात येत नाही.

एप्रिल १९२० मध्ये सॅन रेमोच्या परिषदेत इराकचा ताबा ब्रिटनकडे राहणार हे ठरलं. तिथल्या टोळ्यांना स्वातंत्र्य हवं होतं, वर करवसुलीचा जाच. ३० जूनला रुमैथा या छोट्या गावात ब्रिटिश अधिकाऱ्यानं शालान अबू अल-जून या शेखाला अटक केली, त्याच्या लोकांनी ठाण्यावर चालून जाऊन त्याला सोडवलं, आणि बंडाला तोंड फुटलं. रुमैथा बसरा ते बगदाद रेल्वेवर, समावा आणि दिवानियाच्या मधे. टोळ्यांनी दोन्हीकडचे रूळ उखडले. आत अडकले ११४व्या मराठा पलटणीचे आणि ९९व्या इन्फंट्रीचे काही शिपाई. पहिली कुमक पोचू शकली नाही. अन्न संपत आलं, विमानांतून दारूगोळा टाकावा लागला. २० जुलैला ब्रिगेडियर कनिंगहॅमच्या तुकडीनं वेढा फोडला. हे सगळं तेव्हाचे तिथले सेनापती जनरल हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये छापलेल्या वृत्तांतात येतं.

"त्यांच्याभोवती वेढा पडला हुता, खायाला काय न्हवतं." बय खरंच बोलत होती. तिनं कुत म्हटलं नव्हतं, घोड्याचं मांस म्हटलं नव्हतं, साल तर तिला सांगताच येत नव्हतं. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस बराच काळ नाकारलं, हे कुतच्या बाबतीत खरं आहे, पण ते आमच्या घरात आलं वाचनातून. मामांना वेढा ठाऊक होता, त्यांनी पुस्तकात वेढा शोधला आणि सगळ्यात प्रसिद्ध वेढा त्यांना मिळाला. मग १९१६ शी जुळावं म्हणून आप्पांचं जन्मसाल चार वर्षं मागे नेलं. यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. शाळेत घालताना वय कमी लावतात, हे मास्तराइतकं कोणाला माहीत?

पणजोबा रुमैथाच्या आतच होते, असं मी लिहून देणार नाही. तारीख जुळते, पलटण जुळते, बयचं वाक्य जुळतं. पण पलटणीचे लोक त्या रेल्वेमार्गावर विखुरलेले होते, शेजारचं समावाही पुढे वेढलं गेलं ते ऑक्टोबरपर्यंत. लंडनमध्ये क्यूच्या अभिलेखागारात पलटणींच्या रोजनिश्या आहेत, मात्र त्यांची रीत अशी की साहेब जखमी झाला तर नावानिशी, शिपाई मेले तर आकड्यानिशी. बसरा स्मारकाचंही तेच. १९२९ मध्ये उभारलेल्या त्या भिंतींवर चाळीस हजारांहून जास्त मृतांची स्मृती आहे, पण हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली गेली, शिपाई-नाईक-हवालदारांची फक्त संख्या. ही विषमता कमिशननं २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केली. स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या राजवटीत मूळ जागेवरून उचलून वाळवंटात नेलं गेलं, ते वेगळंच.

उरलेला कागद

आप्पांच्या जन्माचा प्रश्न राहिला होता. दाखल्यावरची १ जून ही तारीख बघूनच कळतं की ती मास्तरांनी दिलेली आहे. गावोगाव त्या पिढीतली अर्धी मुलं १ जूनला जन्मली आहेत. म्हणून गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीपर्यंत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, जावं लागलं. तीही मोडीत, पानं एकमेकांना चिकटलेली. आप्पांची नोंद फेब्रुवारी १९२० ची निघाली. बापाचं नाव स्वच्छ, पुढे "पलटणीत". म्हणजे युद्ध संपल्यावर, १९१९ च्या उन्हाळ्याच्या सुमारास पणजोबा रजेवर घरी येऊन गेले होते.

तीन कागद, तीन सालं: पुस्तिकेत १९१५, दाखल्यावर १९१९, वहीत १९२०. वहीतली नोंद त्या वेळी, त्या गावात, ज्याला बाळंतपण ठाऊक होतं अशा माणसानं केलेली. मी तीच धरतो.

भावकीतल्या त्या माणसाला मी फेरफार, वही आणि पदकाचे फोटो दाखवले. त्यानं वहीचं पान दोनदा मागून घेऊन बघितलं. कमिशनकडे गावाचं नाव आणि आडनाव दुरुस्त करण्यासाठी कागद पाठवले आहेत. मामांच्या पुस्तिकेत एक चिठ्ठी चिकटवली. मूळ ओळी खोडल्या नाहीत.

आईला सगळं क्रमानं सांगितलं, बोटं मोजून. ती ऐकत होती. बयचं नाव निघालं तसा तिनं पदर डोळ्याला लावला, मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आप्पांना त्यांच्या बापानं बघितलंच नाही."

मी पुन्हा मोजलं. उन्हाळ्यात रजा, फेब्रुवारीत जन्म, जुलैत मृत्यू, मधे परत आल्याचं काही चिन्ह नाही. मामांच्या पुस्तिकेत बाप जायच्या वेळी आप्पा वर्षाचे होते, मांडीवर खेळलेले. खऱ्या सालात नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "पत्रानं कळलं असेल."

आईनं पदक धुतलं, पुसलं आणि पुन्हा टाकांच्या रांगेत ठेवलं. या वेळी चिंच लावली नाही.